अनुकृतीतून साधना : तैलरंगातील व्यक्तिचित्राची पहिली पायरी



वेरूळ म्हटले की कोरीव लेण्यांचे स्मरण होते. तैलचित्राचे सहसा होत नाही. तथापि मराठी मुलखातील तैलरंगी व्यक्तिचित्रणाच्या आरंभकाळाशी वेरूळचे नाते आहे. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस आला. पुढे पुण्यास जाऊन त्याने सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचे तैलचित्र रंगविले. पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या प्रयत्नाने पुण्यात चित्रशाळा निघाली. तेथे तयार झालेल्या गंगाराम तांबट यांनी वेरूळची लेणी चित्रित केली. वेल्सच्या वेरूळच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०३ साली लंडनमध्ये चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. समोरची वस्तू डोळ्याने मोजावी आणि हाताने प्रामाणिकपणे उतरवावी, ही शिस्त लेण्याला व चेहऱ्याला सारखीच लागते.

अनुकृती म्हणजे केवळ नक्कल, असा समज आहे. तो बरोबर नाही. सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील पेस्तनजी बोमनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले.

विद्यार्थ्याने एखादे ऐतिहासिक व्यक्तिचित्र निवडावे. मूळ चित्रावर व कॅनव्हासवर सारख्या प्रमाणात चौकोन आखून रेखाटन करावे. प्रथम एकाच तपकिरी रंगात छायाप्रकाश बसवावा, मगच त्वचेचे रंग घ्यावेत. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ ठेवावा. वरच्या थरांत जवसाचे तेल वाढवीत जावे. हा क्रम उलटला तर कालांतराने रंगाला भेगा पडतात. तैलरंग सावकाश वाळतो. ही सक्तीची प्रतीक्षाच चूक पाहण्याची व सुधारण्याची सवड देते.

मात्र या पद्धतीला मर्यादा आहे. उपरोक्त पेशव्यांचे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. आपल्या विद्यार्थ्यापुढे असते ते छापील चित्र. छपाईत रंग बदलतात आणि कुंचल्याचे फटकारे दिसत नाहीत. म्हणून एक अनुकृती पूर्ण होताच शिक्षकांनी गावातील एखाद्या वृद्धास समोर बसवावे व विद्यार्थ्यास जिवंत चेहरा रंगविण्यास लावावे. शिकलेले खरोखर पचले की नाही, ते तेथे कळते.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. शिवछत्रपतींचे म्हणून दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र महाराष्ट्रात दीर्घकाळ प्रचलित होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे आणले, तेव्हा तो भ्रम दूर होऊ लागला. मूळ न तपासता प्रतीवरून प्रत निघत गेली की चूकच परंपरा होऊन बसते. ज्या वेरूळशी मालोजीराजे भोसले यांच्या घराण्याचे नाव जोडलेले आहे, तेथे तरी याचे विस्मरण होऊ नये.

शाळेत वा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ऐतिहासिक व्यक्तींची चित्रे आपण आदराने लावतो. त्या आदराला अचूकतेची जोड हवी. विद्यार्थ्याची अनुकृती भिंतीवर अवश्य लावावी. परंतु तिच्या मागे मूळ चित्रकाराचे नाव, मूळ चित्राचे साल व ठिकाण, प्रत करणाऱ्याचे नाव आणि ‘अनुकृती’ हा शब्द स्पष्ट लिहावा. या चार ओळींना खर्च काहीच नाही. पण पुढच्या पिढीला त्यांतून खरे-खोटे पारखता येईल.