परकोटाची नोंद, गावाची जबाबदारी



अमरावतीचा परकोट आणि अकोल्याचा असदगड यांच्या जतनाबद्दल आज बोलायचं आहे. पण सुरुवात लंडनच्या एका पबपासून करतो, कारण आपल्याला हवा तो धडा त्या पबच्या कहाणीत आहे.

इंग्लंडमध्ये पब म्हणजे मोहल्ल्याची बैठक. आपल्याकडे पारावर आणि चावडीवर जे चालायचं, ते तिथे पबात चालतं. लंडनच्या मेडा व्हेल भागात १९२०-२१ साली बांधलेला ‘कार्लटन टॅव्हर्न’ नावाचा असाच एक पब होता. साधी विटांची इमारत, दर्शनी भागावर टाइल्स. तिथे कुठली लढाई झाली नव्हती की कुणा राजाचा मुक्काम पडला नव्हता. जागेवर फ्लॅट बांधायचे म्हणून मालकाने एप्रिल २०१५ मध्ये परवानगी न घेताच ती पाडली. तिचं नाव सरकारी वारसा यादीत घालण्याचा विचार तेव्हा सुरूच होता.

पण रहिवासी आधीच सावध झाले होते. त्यांच्या पाठपुराव्यामुळे इमारतीचे फोटो काढून झाले होते, टाइल्सचे साचे घेऊन झाले होते. म्हणूनच वेस्टमिन्स्टरच्या नगर प्रशासनाला ठामपणे आदेश देता आला: होती तशी, विटेला वीट लावून पुन्हा बांधा. मालकाने अपील केलं, चौकशी झाली, अपील फेटाळलं गेलं. २०२१ मध्ये तो पब पुन्हा उघडला. कायदा होताच. त्या कायद्याला बळ दिलं ते लोकांनी वेळेवर करून ठेवलेल्या नोंदीने.

आता अमरावतीकडे वळू. कापसाच्या व्यापाराने हे गाव श्रीमंत झालं आणि पेंढाऱ्यांची नजर त्यावर पडली. सावकार-व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये परकोट बांधायला घेतला. वीस ते सव्वीस फूट उंचीची दगडी भिंत आणि सव्वादोन मैलांचा, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटरचा घेर. पाच दरवाजे आणि चार खिडक्या. आंबागेट, खोलापुरी गेट, नागपुरी गेट, महाजनपुरा गेट आणि आज आपण ज्याला जवाहर गेट म्हणतो तो भुसारी गेट. खिडक्यांपैकी खुनारी खिडकीच्या नावात १८१८ सालच्या दंगलीची आठवण आहे. तिथे सातशे माणसं मारली गेल्याचं जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. आज पोलीस ठाण्यांना खोलापुरी गेट, नागपुरी गेट ही नावं आहेत. रिक्षावाल्याला आपण हीच नावं सांगतो. गावाचा पत्ता अजून परकोटच सांगतो.

अकोल्यात मोर्णेच्या काठी असदगड आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या जहागिरीत अकोला होतं, त्याच्यावरून हे नाव पडलं. इंग्रजी अमदानीत या किल्ल्याची तटबंदी मोठ्या प्रमाणावर उतरवली गेली. जे उरलं, त्याच्याभोवती शहर वाढत गेलं. दहीहंडा वेस, आगर वेस ही नावं मात्र अकोलेकरांच्या तोंडी कायम आहेत.

या भिंतींना बुलडोझरचं भय आहे, तसंच चुकीच्या डागडुजीचंही आहे. जुनं दगडी बांधकाम चुन्यात असतं. भाजलेला चुना भिजवायचा, त्यात वाळू आणि विटांची सुरखी घालून घाणीत मळायचा, मग दगडाच्या सांध्यात भरायचा. असा चुना थोडा मऊ राहतो. पावसाचं पाणी भिंतीत शिरलं तरी सांध्यांतून ते वाफ होऊन निघून जातं. त्याच सांध्यांवर आपण सिमेंट थापतो. सिमेंट कडक आणि घट्ट. पाणी आत अडतं आणि दगडातून वाट काढू लागतं. मग दगडाचे पापुद्रे सुटतात, आतला चुना भुसभुशीत होतो आणि वरून भिंत नवीकोरी दिसत असताना पोटातून पोखरली जाते. भिंतीत उगवलेल्या पिंपळाचंही तेच. रोप वरून छाटलं तर मुळं आणखी जोमाने सांध्यात घुसतात. मूळ मारून सांधा पुन्हा चुन्याने भरावा लागतो. हे काम जाणत्या गवंड्याचं आहे, रंगरंगोटीच्या कंत्राटाने ते होत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. केंद्राचा कायदा १९५८ चा आहे. गाविलगड, नरनाळा, बाळापूरचा किल्ला ही आपली मोठी स्मारकं त्याखाली येतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. राज्याचा कायदा १९६० चा. पण या दोन कायद्यांच्या याद्यांत न बसणाऱ्या वेशी, वाडे, धर्मशाळा, वाचनालयं, जुनी नाट्यगृहं यांचं काय? त्यांच्यासाठी शहराची स्वतःची वारसा यादी लागते. मुंबईने १९९५ मध्ये असे नियम करून इमारतींना श्रेणी दिल्या. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाची तरतूद आहे. म्हणजे दार उघडं आहे, आपण आत पाऊल टाकायचं आहे.

श्रोतेहो, माझं म्हणणं एवढंच आहे की जतनाची पहिली पायरी नोंद ही आहे. निधी आणि दुरुस्ती त्यानंतर. ज्या भिंतीची मापं कुठेच नाहीत, ती एका रात्रीत गेली तर काय गेलं हेही सिद्ध करता येत नाही. आणि ही नोंद करायला सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या दोन्ही शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, इतिहासाचे विभाग आहेत, हातात कॅमेरा असलेली शेकडो तरुण मुलं आहेत. एकेका गटाने एकेक दरवाजा घ्यावा. उंची-रुंदी मोजावी, नकाशा काढावा, प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो घ्यावा, शेजारच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. एक प्रत महापालिकेला द्यावी, एक वाचनालयात ठेवावी आणि त्या नोंदीच्या आधारावर वारसा यादीची लेखी मागणी करावी.

परकोट बांधला तेव्हा त्याने गावाला सांभाळलं. आता गावाने त्याला सांभाळायचं आहे. पुढच्या पावसाळ्याआधी निदान एका दरवाजाची पूर्ण नोंद तयार करा, एवढीच विनंती करून मी थांबतो.