आम्ल, त्वचा आणि वऱ्हाडचे ऊन

आंबिया आणि मृग अशा दोन्ही बहारांच्या संत्र्यांनी नावारूपास आलेल्या वरूड परिसरात संत्र्याची वाळवलेली साल कुटून दह्यात कालवून तोंडास लावण्याचा उपाय कोणास नवा वाटणार नाही. संत्र्यातील सायट्रिक आणि दह्यातील लॅक्टिक ही आम्ले, औषधाच्या दुकानातील ग्लायकोलिक आम्लाप्रमाणेच, मृत पेशींना जखडणारे बंध सैल करणाऱ्या अल्फा हायड्रॉक्सी आम्लांच्या कुळातलीच होत. शिवाय भरड पूड चोळल्याने घर्षण घडते ते निराळेच, म्हणून त्याच दिवशी दुकानातील आम्ल लावू नये.

रेटिनॉल हे स्वतःच पेशींच्या नूतनीकरणास वेग देत असल्यामुळे, ते आम्लासह एकाच रात्री लावल्यास लाली, आग आणि सालपटे यांस आमंत्रण मिळते. सबब दोहोंसाठी निरनिराळ्या रात्री मुक्रर कराव्यात. नियासिनामाइड व ग्लिसरीन यांस सहसा हरकत नाही. लिंबात खाण्याचा सोडा मिसळणे मात्र मला सर्वथा अनुचित वाटते, कारण ते फसफसणे म्हणजे आम्ल व अल्कली परस्परांस निष्प्रभ करीत असल्याची खूण असून, शिल्लक सोडा त्वचेच्या सुमारे ५ सामू असलेल्या स्वाभाविक आम्लतेस बाधक ठरतो.

त्याहून घातक म्हणजे लिंबाचा रस अंगास लागलेला असता बागेत उन्हात राबणे. त्यातील फ्युरोकुमारिन द्रव्यांवर अतिनील किरण पडले की फोड उठतात आणि मागे राहिलेले काळे डाग कित्येक महिने जात नाहीत. आम्ल रात्रीच लावावे, आणि दिवसा किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन व डोईस दुपट्टा यांत कसूर करू नये.