मकावच्या रस्त्यांवरची शर्यत

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मकाव हे एके काळी गोव्याच्या व्हाइसरॉयच्या कारभाराखालचं शहर. तिथे १९५४ पासून मोटारींची ग्रां प्री भरते, १९६७ पासून मोटरसायकलींचीही. नोव्हेंबरात रोजच्या रहदारीचे रस्ते बंद होतात आणि सव्वासहा किलोमीटरांपेक्षा थोडा कमी लांबीचा गिया सर्किट तयार होतो.

समुद्रालगत सुसाट वेग, मग अचानक लिस्बोआ नावाचं काटकोनी वळण, पुढे टेकडीचा चढ. मेल्को वळणावर रस्ता जेमतेम सात मीटर रुंद, तिथे ओव्हरटेकिंगला बंदी. मोटारीला लोखंडी कठडा घासला तर पत्रा जातो. मोटरसायकलस्वारांना मात्र घसरायला मोकळी जागाच नाही. म्हणून त्यांचं धाडस मला मोटारवाल्यांहून मोठं वाटतं.

१९८३ मध्ये फॉर्म्युला थ्री गटाच्या मोटारी इथे आल्या आणि पहिलीच शर्यत आयर्टन सेना यांनी जिंकली. १९९० मध्ये शेवटच्या फेरीत मिका हॅकिनेन यांची गाडी मायकेल शूमाकर यांच्या गाडीवर मागून आदळली. हॅकिनेन तिथेच थांबले. शूमाकर यांच्या गाडीचा मागचा पंख तुटला होता, तरी त्यांनी तशीच गाडी रेटत शर्यत जिंकली.