वऱ्हाडातील आरोग्यसेवा : तरुणांना संधी, समाजाला आधार

आरोग्यसेवा म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे डॉक्टर उभा राहतो. मुलाला तेथवर मजल मारता आली नाही, तर हे क्षेत्रच आपल्यासाठी नाही, असे मानले जाते. ही समजूत दूर होणे अगत्याचे आहे.

या सेवेची वऱ्हाडला थोर परंपरा आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीत कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले. पुढे १९८४ मध्ये अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, २००२ मध्ये अकोल्यात आणि २०२४ मध्ये अमरावतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालय केवळ डॉक्टरांवर चालत नाही. परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा व क्ष-किरण तंत्रज्ञ यांच्यावाचून तेथील काम एक दिवसही निभणार नाही.

बारावीनंतर औषधनिर्माणशास्त्राची पदविका दोन वर्षांत, तर जी. एन. एम. हा परिचर्येचा अभ्यासक्रम तीन वर्षांत पूर्ण होतो. विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतलेल्यांना परिचर्येची चार वर्षांची पदवी खुली आहे. मुलींसाठी ए. एन. एम. हा दोन वर्षांचा मार्ग आहे. परिचर्येच्या पदवी व पदविकाधारकांना आवश्यक प्रशिक्षणानंतर उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येते.

या मनुष्यबळाची खरी निकड मेळघाटात आहे. सपाट प्रदेशात पाच हजार, तर आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे सेवा सुरू झाली, असे नव्हे. कोरकू भाषेचे मराठीशी कुळाचे नाते नाही. ती मुंडा गटातील भाषा आहे. बाळाने दूध का सोडले, हे कोरकू माता परक्या परिचारिकेला कसे सांगणार? त्याच पाड्यातील मुलगी परिचारिका होऊन परतली, तर हा अडसर उरणार नाही. बैरागड येथे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी लोकांमध्ये राहून सेवा केली. २०१९ मध्ये पद्मश्री देऊन तिचा गौरव झाला. असे कार्य पुढे चालवण्यास स्थानिक हात हवेत.

येथेच शिक्षक व पंचायत सदस्यांचे कर्तव्य सुरू होते. दहावीतच विषयांची निवड समजावून सांगावी. प्रवेशापूर्वी संस्थेची मान्यता तपासावी. मान्यता नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र नोंदणीस उपयोगी पडत नाही आणि गरीब बापाची पुंजी मात्र खर्ची पडते. वसतिगृह व शिष्यवृत्तीचे अर्ज मुदतीत भरून घ्यावेत. आशा स्वयंसेविकेची निवड ग्रामसभेने नात्यागोत्याकडे न पाहता गुणांवर करावी. आशाचे काम मोबदल्यावरचे असून ती कायम नोकरी नव्हे, हेही उमेदवारास स्पष्ट सांगावे.

गावातील एक मुलगी परिचारिका झाली, तर एका घराला मिळकत आणि अवघ्या गावाला आधार मिळतो. अशी एक तरी मुलगी प्रत्येक गावातून पुढे यावी, हा संकल्प ग्रामसभेने करावयास हवा.