विचाराला कुंपण नको

(घणसोली गावातील श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कलाशाखेचा पदवीधर. संगणकाचे शास्त्र मला अवगत नाही. परंतु आजचा प्रश्न मालकीचा आहे, आणि मालकी म्हणजे काय हे घणसोलीकरांना निराळे सांगायला नको. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि या पट्ट्यातील भातशेती संपादनाखाली आली. आपला पेटंट कायदाही त्याच वर्षीचा. आज त्याच शिवारात उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांतून आपली मुले सॉफ्टवेअर लिहितात. त्या सॉफ्टवेअरला पेटंट द्यावे काय?

प्रथम एक भेद ध्यानी घ्या. कॉपीराइट लिखाणाला मिळतो, तोही नोंदणीवाचून. पेटंट पद्धतीलाच मिळते, वीस वर्षांसाठी. पाककृतींचे पुस्तक लिहिणारीचा त्या पुस्तकावर हक्क आहेच. पण म्हणून शेजारणीने पुरणच शिजवू नये, असे तिला म्हणता येईल काय? पेटंट तसे म्हणू देते. शेजारीण स्वतःच्या बुद्धीने तेथवर पोहोचली असली तरी!

अमेरिकेत १९९९ साली ‘एका क्लिकवर खरेदी’ या पद्धतीचे पेटंट ॲमेझॉनला मिळाले. न्यायालयाच्या मनाईमुळे प्रतिस्पर्धी बार्न्स अँड नोबलला खरेदीत एक पायरी वाढवावी लागली. ती मनाई २००१ मध्ये उठली. परंतु एवढी लढाई लढण्याचे बळ किती जणांपाशी असते?

आपल्या संसदेने २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) मध्ये गणिती व व्यावसायिक पद्धती, अल्गोरिदम आणि ‘निव्वळ’ संगणकीय आज्ञावली पेटंटबाह्य ठरवल्या. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने हे दार किलकिले केले. २००५ मध्ये संसदेने ते पुन्हा लावून घेतले. त्याच वर्षी युरोपीय संसदेनेही असा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. तरी ‘निव्वळ’ या एका शब्दावर वाद चालूच आहे. तांत्रिक परिणाम सिद्ध होत असेल तर केवळ आज्ञावली आहे म्हणून अर्ज नाकारू नये, असा दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निर्णयाचा रोख आहे.

प्रतिपक्ष म्हणतो, संरक्षण नसेल तर भांडवल कोण घालील? हा आक्षेप पोकळ नाही. यंत्राच्या कार्यातच नवी सुधारणा घडत असेल तर तिला पेटंट जरूर मिळावे. परंतु सॉफ्टवेअर शेकडो लहान युक्त्यांवर उभे राहते. बड्या कंपन्या आपापली पेटंटे परस्परांत बदलून घेतात. दोन खोल्यांत धंदा मांडणाऱ्या तरुणापाशी बदलायला काय आहे? हळदीच्या गुणांवर १९९५ साली दिले गेलेले अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कारण डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर जुन्या ग्रंथांचे पुरावे घेऊन उभी राहिली. या तरुणासाठी कोण उभे राहील?

म्हणून स्वतः जागे राहा. केलेल्या कामाच्या तारीखवार नोंदी ठेवा. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्यापूर्वी, कोणाही व्यक्तीला कलम २५(१) अन्वये हरकत घेता येते. तो अधिकार वापरा. खाडीकाठच्या माणसाने बांध घातला तो शेत राखायला. भरतीचे पाणी आपल्या नावावर करायला नव्हे. बुद्धीच्या क्षेत्रातही एवढा विवेक पुरेसा आहे.