ठिपक्यांचे कुलूप

अक्षरओळख नसलेला माणूसही आज मोबाइल फोनचे कुलूप बोटाने रेघ ओढून उघडतो. पडद्यावर नऊ ठिपके असतात; त्यांतले निदान चार ठरलेल्या क्रमाने जोडले की झाले! आकडे विसरतात, पण ठिपक्यांच्या रांगोळीसारखी ही आकृती हाताच्या वळणात बसते. सोय मोठी, यात शंका नाही.

पण कुलूप भक्कम किती? हिशेबाने अशा आकृत्या ३,८९,११२ होतात. चार आकडी खुणेचे प्रकार मात्र १०,०००च. मग भीती कसली? भीती आपल्या सवयीची! पाटीवर लिहावे तशी पुष्कळ जण वरच्या डाव्या कोपऱ्यातूनच रेघ सुरू करतात. चोराचे काम तिथेच हलके होते. शिवाय बोटाचा तेलकट माग काचेवर राहतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली अशा मागांची छायाचित्रे घेऊन दाखवले की, त्यांवरून आकृती बऱ्याचदा ओळखता येते. शेजारी बसलेल्याला तर ती नुसती पाहूनच पाठ होते. जे आपल्या लक्षात सहज राहते, ते पाहणाऱ्याच्याही राहते, बरं का!

म्हणून कोपरा सोडून सुरुवात करावी, सहा-सात ठिपके घ्यावेत, रेघ पडद्यावर उमटणार नाही अशी सोय असल्यास ती वापरावी आणि काच पुसावी. शिक्षकबंधूंनी फळ्यावर नऊ ठिपके काढून मुलांना हे समजावून द्यावे. मुले ते घरी सांगतील. बँकेचे गुप्त आकडे याच फोनवर येतात. घराच्या किल्लीइतके तरी या रेघेला जपायला नको का?