मूल होत नाही? दोघांनी मिळून दवाखान्यात या



कुटुंब नियोजनाची बाई दारात आली की ती ‘आता पुरे’ सांगायलाच आली, असा आपल्याकडे समज आहे. पण ज्यांच्या घरी पाळणा हललाच नाही, त्यांना मदत करणे हेही कुटुंब नियोजनच. आज त्याविषयी बोलते.

लग्नाला दोन वर्षे होऊन दिवस गेले नाहीत, की बोट सुनेकडे जाते. हळदीकुंकवाला तिला टाळतात, ओटी भरायला पुढे येऊ देत नाहीत. नवऱ्याला कोणी काही विचारीत नाही. वास्तविक दोष बाईत असू शकतो, पुरुषात असू शकतो, पुष्कळदा दोघांतही असतो.

मंडणगडात माझा पहिला प्रश्न असतो, तुम्ही एकत्र राहता किती? घो मुंबईला, बायको गावी. गणपतीला आठ दिवस, शिमग्याला चार. आता हिशेब बघा. बाईच्या बीजांडकोशातून महिन्याला साधारण एकच बीज सुटते, तेही पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी, आणि ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषबीज बाईच्या शरीरात चार-पाच दिवस टिकू शकते. पाळी 28 दिवसांची असेल, तर पाळी सुरू झाल्यापासून 9 ते 15 या दिवसांत संबंध यायला हवा. गणपती काही तुमच्या पाळीची तारीख बघून येत नाहीत! अशा जोडप्याने आधी काही महिने एकत्र राहावे.

एकत्र राहून वर्ष झाले तरी दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवा. बाईचे वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबा. पाळी अनियमित असेल किंवा पूर्वी क्षय झाला असेल, तर तेवढेही थांबू नका.

वीर्याची तपासणी सुरुवातीलाच करावी. सुई नाही, दुखणे नाही. पण खरे सांगते, अडते ते इथेच. बायको तीन-तीनदा तपासून घेते, नवरा एकदा नमुना देत नाही.

बाईच्या तपासण्यांत रक्त, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास औषध सोडून गर्भनलिकांचा एक्स-रे असतो. बीज सुटत नसेल, तर पुष्कळ जणींना गोळ्यांनी गुण येतो. नलिका बंद होण्याचे आपल्या देशातले एक मोठे कारण म्हणजे क्षयरोग. तो गर्भाशयालाही होतो, खोकला नसतानाही! त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मात्र नलिका एकदा खराब झाल्या, तर औषधाने त्या सहसा उघडत नाहीत.

तेव्हाही वाट संपत नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने टेस्ट-ट्यूब बेबी जन्मली. स्त्रीबीज आणि पुरुषबीज बाहेर एकत्र आणून गर्भ पोटात ठेवतात. हा उपचार खर्चिक आहे, दर वेळी यश येतेच असे नाही. जमीन विकण्याआधी यशाची शक्यता किती, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. 2021 च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र बघायला मागा, लाजू नका.

नवस करायचा तर खुशाल करा, पण मांत्रिकाची औषधे पोटात घेऊ नका. त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा मंडणगडच्या ग्रामीण रुग्णालयात या. येताना जुने कागद आणा, मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहून आणा, आणि नवऱ्याला बरोबर आणा.